कड्यातले लाव्हाचे थर कसे मोजावेत

सह्याद्रीचं प्रत्येक टोकदार शिखर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असं सांगणारे वाटेत हमखास भेटतात. तसं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांमधून वर आला, पातळ असल्यानं दूरवर पसरला आणि थरावर थर साचत गेले. हिमालय तेव्हा उभाही राहिला नव्हता. शिखरं पुढे पाण्यानं कोरून काढली. म्हणून कडा वाचायचा तो खालून वर.

गवत वाळलं की निघा. समोरच्या डोंगरावरून कड्याचं चित्र वहीत काढा; कोकणाकडे तोंड केलेला कडा दुपारनंतरच उजळतो.

आता खरी अडचण: लाव्हाचा एक प्रवाह, म्हणजे एक थर, संपून दुसरा कुठे सुरू होतो? ‘कड्यातल्या पायऱ्या मोजा, तेवढे प्रवाह’ हा सल्ला मी कित्येक वर्षं पाळला आणि दर वेळी आकडा फुगला. एकाच प्रवाहातल्या आडव्या सांध्यांवरही, म्हणजे भेगांवरही, खडक झिजून पायरी तयार होते. पायरी ही फक्त शंका समजा आणि जवळ जाऊन तपासा. प्रवाहाचा गाभा घट्ट काळा पाषाण असतो, त्याचा उभा कडा राहतो. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात. हाच विहीर खणणाऱ्यांचा मांजऱ्या. तो लवकर झिजतो, म्हणून तिथे गवताची पट्टी दिसते. मांजऱ्याच्या वर पुन्हा घट्ट पाषाण लागला, तर सीमा जवळच आहे.

सीमेवर कधी कधी गेरूसारखा तांबडा थर मिळतो: दोन उद्रेकांमधल्या काळात कुजलेला खडक किंवा साचलेली राख, वरच्या लाव्हानं भाजलेली. इथे मी सपशेल फसलो होतो. वरून ओघळलेल्या तांबड्या पाण्याचा डाग मी थर म्हणून नोंदवला. नखानं खरवडून पाहा. डागाखाली लगेच काळा दगड लागतो. खरा थर आतपर्यंत तांबडाच असतो आणि कड्याच्या बाजूनं आडवा पुढे जातो. तांबडा थर नसेल, तर वरच्या पाषाणाचं बूड निरखा. पेन्सिलीएवढ्या जाड, उभ्या नळ्या दिसल्या, की नव्या प्रवाहाचा तळ सापडला. माझा सगळ्यात जास्त भरवसा या नळ्यांवर आहे.

काही प्रवाह लहान लहान लोळांचे असतात, मध्ये तांबडं काहीच नसतं. ते लोळ वेगळे न मोजता एकाच कंसात लिहा.

माथ्यावर महाबळेश्वर-पाचगणीसारखा जांभा असेल, तर तो मोजू नका. तो बेसाल्टच, म्हणजे हाच काळा पाषाण, कुजून झालेला आहे.

प्रत्येक सीमेची उंची लिहा. हातोडा गडावर चालवू नका, पोकळीतले स्फटिक काढू नका. शेजारच्या घाटवाटेनं उतरताना तोच तांबडा थर पुन्हा गाठा. तो सापडेपर्यंत वहीतला आकडा पेन्सिलीनंच लिहा.