कोकणातला स्वस्त गेमिंग पीसी: यादी भिंतीपासून सुरू करा

गेमिंग पीसीची यादी करायला बसलं की पोरं पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड लिहितात. पुण्यात तशी यादी चालून जाते. देवगड, गुहागर, श्रीवर्धनकडे पहिल्या ओळीत वायरमनचं नाव हवं. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंग पुष्कळदा नावापुरतंच असतं, आणि मे महिन्यात जमीन सुकली की तेही उरत नाही. वायरमनकडून मल्टिमीटर लावून बघून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट. फरक जास्त असेल, किंवा घरातल्या फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी अर्थिंगचा खड्डा, कोळसा, मीठ आणि पाणी. पीसी त्यानंतर.

दुसरी ओळ यूपीएसची. निसर्ग वादळानंतर, म्हणजे ३ जून २०२० नंतर, किनाऱ्यावरची कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. तेवढा वेळ पुरेल असा यूपीएस बजेटमध्ये मिळत नाही, त्याच्या मागे लागू नका. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की काम झालं. पण आकडे बघून घ्या. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. खाली सांगितलेला संच गेम चालू असताना मॉनिटरसकट तीनशेच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून १००० व्हीएचा घ्या. विजा चमकायला लागल्या की यूपीएसच्या भरवशावर राहू नका, प्लगच काढा. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अ‍ॅडॅप्टरमधून आणि तिथून लॅन केबलमधून येऊ शकते. तीही ओढून ठेवा.

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणारी पेटी, ५५० वॅटची, ८० प्लस ब्राँझ हा कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का असलेली, बऱ्या कंपनीची. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारी दुकानदाराला परत द्या. इथल्या वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजमध्ये पहिला मार तिलाच बसतो, आणि ती जाताना एकटी जात नाही.

आता प्रोसेसर. सगळे पैसे आत्ताच हातात असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६००: सहा कोअर, एएम४ सॉकेट (म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची खाच त्याच जातीची हवी), ६५ वॅट, आणि डब्यात पंखा येतो. पैसे दोन टप्प्यांत येणार असतील, आत्ता थोडे आणि चतुर्थीला मुंबईचा काका येईल तेव्हा थोडे, तर ५६००जी घ्या. त्याच्यात ग्राफिक्स आतच आहे, व्हॅलोरंटसारखे हलके गेम कार्डाशिवाय चालतात. त्याची किंमत पुढे मोजावी लागते: प्रोसेसरच्या पोटातली वेगवान कॅश मेमरी निम्मी, १६ एमबी, त्यामुळे नंतर कार्ड लावलं तरी ५६०० इतकी चाल मिळत नाही. तरीही आठ महिने रिकाम्या टेबलाकडे बघत बसण्यापेक्षा हा सौदा मला पटतो. एक ध्यानात ठेवा, साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यातही नाही. कार्ड न घेता हे घरी आणलं तर पडदा काळाच राहील.

कार्डात आरएक्स ६६०० आठ जीबी. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला ते पुरतं आणि साधारण १३० वॅटच खातं. स्वस्त दिसतं म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी उचलू नका. चार जीबी मेमरी आणि बोर्डाशी बोलायला चारच लेन, म्हणजे वाटा, त्यात ए५२० किंवा बी४५० मदरबोर्डावर या वाटा जुन्या, हळू पीसीआय ३.० जातीच्या असल्यामुळे ते आणखी अडखळतं. जुनं कार्ड घेणार असाल तर पंख्याच्या फटीतून बॅटरी मारून धातूच्या पट्ट्या बघा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर ते कार्ड समुद्राकाठी राहून आलंय.

रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या, डीडीआर४, ३२००. एकच सोळाची नको, ५६००जी वर तर मुळीच नको, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा ही एक वस्तू जुनी मिळाली तरी चालेल. गेम साठवायला एसएसडी, तीही बोर्डावर थेट बसणारी वेगवान एनव्हीएमई, जमलं तर एक टीबी. शंभर जीबीच्या पुढचे गेम आता नवलाचे नाहीत, आणि गावातल्या नेटवर ते उतरवायला घेतले तर कंटाळून जाल. रत्नागिरीत किंवा पुण्यात कुणा भावाकडे स्टीमवर (गेम विकत घेऊन उतरवायचं ऑनलाइन दुकान) तोच गेम असेल तर त्याच्याकडून बॅकअप हार्ड डिस्कवर मागवा.

कॅबिनेटला जाळी आणि धुता येणारे फिल्टर हवेत. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवा. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका आणि जमिनीवर तर नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या तळमजल्यांत शिरलं, हे खाडीकाठी राहणाऱ्याने विसरू नये. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद ठेवा, नाहीतर पाली आत येतात आणि एसएमपीएसशी त्यांचं जमत नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर घाट चढून कोल्हापुरात, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘ट्रे’मधला, म्हणजे कंपनीच्या डब्याशिवाय विकला जाणारा सुटा प्रोसेसर दोन पैसे स्वस्त असतो, पण कंपनीची वॉरंटी त्यावर नसते. खोके माळ्यावर ठेवा, पार्ट परत पाठवायची वेळ आली तर तेच लागतील. चाकरमान्याच्या गाडीतून जोडलेला पीसी येणार असेल तर कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आणायला सांगा. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे त्याचा स्लॉट मोडायला पुरेसे आहेत.

घरी जोडल्यावर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने पळत राहील. आणि मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावा. ‘नवा पीसी हळू चालतो’ म्हणून येणाऱ्या फोनांत निम्मे तरी याचेच असतात.