बॉक्साइट-ॲल्युमिनाचा ताळेबंद मांडताय? मग या चुका टाळा

बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, रिफायनरीत त्यातून ॲल्युमिना नावाची पांढरी पूड काढतात आणि स्मेल्टरमध्ये त्या पुडीचा धातू होतो. पण बॉक्साइट म्हटलं की लोकांना वाटतं लाल माती आहे, जगात ढिगाने पडलीय, खणायची, जहाजात भरायची, विषय संपला. मग कोणीतरी एक्सेल उघडतं, एका कॉलमात पुरवठा, दुसऱ्यात मागणी, खाली वजाबाकी, आणि उत्तर उणे आलं की "जगात तुटवडा!!" म्हणून ग्रुपवर टाकून मोकळं. अशा शीट्स मला इतक्या येतात की आता वरच्या चार ओळी बघूनच कळतं गडी कुठे आपटणार ते. चुका त्याच त्याच असतात. दोन चुकांवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण त्यांनी माझं डोकं खाल्लंय, बाकीच्या पटापट उरकतो.

टन म्हणजे टन, असं समजणं

प्रत्येक नवशिक्याला कुठूनतरी ते सूत्र मिळालेलं असतं, चार टन बॉक्साइट, दोन टन ॲल्युमिना, एक टन ॲल्युमिनियम. सूत्र खोटं नाही. त्यातला शेवटचा टप्पा तर बऱ्यापैकी पक्का आहे, टनभर धातूला साधारण १.९३ टन ॲल्युमिना लागतोच, खाण कुठलीही असो. घोडं पेंड खातं ते पहिल्या टप्प्यात. एक टन ॲल्युमिना काढायला दोन टन बॉक्साइट लागेल की तीन, हे त्या बॉक्साइटमध्ये नेमकं काय आहे आणि रिफायनरी कुठल्या प्रकारची आहे यावर ठरतं, आणि हा फरक जगभराच्या आकड्याला लावला तर कोट्यवधी टनांची गडबड होते.

एका कंपनीत (नाव नको) खरेदी विभागात नवीन लागलेला एक मुलगा, हुशार, पण भयंकर घाईतला. एक दिवस त्याचा फोन, "सर, ५० टक्के ॲल्युमिनावालं बॉक्साइट स्वस्तात मिळतंय आणि आमचे प्लँटवाले ४५ टक्केवालं महाग घ्यायचं म्हणतायत, ह्यांचं नक्की काहीतरी सेटिंग आहे." मी म्हटलं सेटिंगचं नंतर बघू, आधी दोन्हीचे ॲनालिसिसचे कागद पाठव. कागद आले. पहिल्यावर मोठ्या अक्षरात टोटल ॲल्युमिना ५०, आणि खाली बारीक अक्षरात रिॲक्टिव्ह सिलिका ६, बोहेमाइट या खनिजातला ॲल्युमिना ६, ओलावा १२. दुसऱ्यावर टोटल ४५, रिॲक्टिव्ह सिलिका २, बोहेमाइट जवळपास नाही. (आकडे गोल करून सांगतोय.)

आता त्याचा प्लँट होता लो टेंपरेचरवाला, म्हणजे कॉस्टिक सोड्यात साधारण १४०-१५० अंशाला बॉक्साइट शिजवणारा. एवढ्या तापमानाला बॉक्साइटमधलं गिब्साइट हे खनिज विरघळतं, बोहेमाइट नाही. म्हणजे पहिल्या मालातले ते ६ टक्के सरळ लाल चिखलाबरोबर (रिफायनरीत शेवटी उरणारा गाळ) बाहेर. वर रिॲक्टिव्ह सिलिका म्हणजे खरी चोर, ती कॉस्टिक तर खातेच, सोबत ॲल्युमिनाही घेऊन बसते, ६ टक्के सिलिकेमागे साधारण ५ टक्के ॲल्युमिना गेला समजा. ५० मधून ११ गेले, हातात राहिले ३९. दुसऱ्या मालात ४५ मधून जेमतेम दोन गेले, राहिले ४३. म्हणजे "५० टक्केवालं" खरं तर ३९ चं आणि "४५ वालं" ४३ चं. टनभर ॲल्युमिनासाठी पहिलं लागणार २.५६ टन, दुसरं २.३३ टन. आणि कॉस्टिकचा खर्च वेगळाच, पहिल्यात टनामागे दीडशे किलोच्या पुढे बुडीत, दुसऱ्यात पन्नासेक किलो. त्यातून पहिल्याचा भाव ओल्या टनावर होता आणि दुसऱ्याचा कोरड्या टनावर, म्हणजे स्वस्त मालात शंभरातले १२ टन पाणीच विकत घ्यायचं होतं, त्याचं जहाजभाडंही भरून.

हे सगळं सांगून झाल्यावर पोरगा म्हणतो, "पण सर, नेटवर तर टोटल ॲल्युमिना बघा एवढंच लिहिलं होतं." अरे बाबा.

याच्या उलटही खरं आहे बरं का. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग रेंजचं बॉक्साइट कागदावर एकदम किरकोळ, ॲल्युमिना ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, टक्केवारी बघून खरेदी करणारा माणूस ते हातात पण धरणार नाही. पण त्यात रिॲक्टिव्ह सिलिका फार कमी आहे आणि रिफायनऱ्या खाणींच्या जवळ आहेत, त्यामुळे कित्येक दशकं तिथून जगाला ॲल्युमिना जातोय. आणि चीनच्या शान्शी, हेनान भागातलं देशी बॉक्साइट टक्केवारीने बरं, पण ते डायस्पोर प्रकारचं, त्याला अडीचशे अंशाच्या वरचं तापमान लागतं, सिलिकाही जास्त, आणि चांगला माल संपत चाललाय. म्हणून तर तिथल्या रिफायनऱ्या आयातीच्या मालाकडे वळल्या. एका प्रकारच्या मालासाठी बांधलेल्या प्लँटात दुसरा माल उद्यापासून ओतता येत नाही, हे शीटमध्ये कोणी लिहितच नाही.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे काही नाही त्यात. प्रत्येक देशापुढे मी तीन कॉलम ठेवतो, ओला टन, कोरडा टन, आणि हाती लागणाऱ्या ॲल्युमिनाचा टन. बेरीज फक्त तिसऱ्याची. पहिल्या दोन कॉलमची बेरीज करायचा मोह होतो, करू नका. आकडा कुठल्या टनात आहे हे कळत नसेल तर तो आकडा मी वापरतच नाही, शीटमध्ये भोक राहिलं तरी चालेल.

ओलावा हा नुसता हिशेबाचा मुद्दा पण नाही. २ जानेवारी २०१५ ला बल्क ज्युपिटर नावाचं जहाज मलेशियाच्या क्वांतानहून ४६ हजार ४०० टन बॉक्साइट घेऊन निघालेलं व्हिएतनामजवळ बुडालं, १९ पैकी १८ खलाशी गेले. बारीक, ओला माल हलून हलून पाणी सोडतो आणि जहाजाचा तोल जातो. त्यानंतर बारीक बॉक्साइटचे नियम कडक झाले. तेव्हा "ओलावा काय, दोन-चार टक्के इकडे तिकडे" असं माझ्यासमोर म्हणू नका.

ॲल्युमिना महागला म्हणजे बॉक्साइट संपलं, असा निष्कर्ष

ही माझी दुसरी लाडकी. मध्ये रिफायनरी नावाची एक वस्तू असते हे लोक विसरतात.

२०१८ घ्या. फेब्रुवारीत ब्राझीलच्या बार्कारेनात तुफान पाऊस झाला, प्रदूषणाच्या वादावरून सरकारने आलुनोर्ते रिफायनरीला उत्पादन निम्म्यावर आणायला लावलं. ही चीनबाहेरची जगातली सगळ्यात मोठी रिफायनरी, वर्षाला ६३ लाख टन क्षमता. पाठोपाठ ६ एप्रिलला अमेरिकेने रुसाल या रशियन ॲल्युमिनियम कंपनीवर निर्बंध लादले. ॲल्युमिना काही दिवसांत टनाला ७०० डॉलरच्या वर. आणि बॉक्साइट? पारागोमिनासची खाण, जी २४४ किलोमीटरच्या पाइपलाइनमधून आलुनोर्तेला बॉक्साइटचा रगडा पाठवते, तिलाही उत्पादन निम्म्यावर आणावं लागलं, कारण घेणारंच कोणी नाही. म्हणजे ॲल्युमिन्यासाठी मारामारी आणि त्याच वेळी बॉक्साइटला गिऱ्हाईक नाही. तेव्हा ज्यांनी "बॉक्साइट शेअर घ्या" म्हणून सल्ले वाटले त्यांना माझा नमस्कार.

२०२४ ला प्रकार जरा मिसळ होता आणि म्हणून जास्त लोक फसले. वर्षाच्या सुरुवातीला अल्कोआ कंपनीने ऑस्ट्रेलियातली क्विनाना रिफायनरी बंद करायचं जाहीर केलं, क्वीन्सलँडमध्ये गॅसची बोंब होऊन रिओ टिंटोने तिथल्या ॲल्युमिन्यावर फोर्स मेज्योर लावला (म्हणजे आवाक्याबाहेरच्या कारणामुळे ठरलेला माल देता येणार नाही असं कळवलं), आणि ऑक्टोबरमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीने एमिरेट्स ग्लोबल ॲल्युमिनियमच्या तिथल्या कंपनीची बॉक्साइट निर्यात थांबवली. आधीच्या दोन गोष्टी रिफायनरीच्या, तिसरी खाणीची. भाव ८०० डॉलरच्या पुढे गेला. हिशोब करा, १.९३ गुणिले ८००, म्हणजे टनभर धातूत १५४४ डॉलरचा नुसता ॲल्युमिना, आणि धातू तेव्हा अडीच हजारांच्या आसपास. वीज, कार्बन, पगार राहिलेल्यातून भागवा.

तरी स्मेल्टर घेत राहिले, आणि इथे लोक विचारतात की एवढा महाग कशाला घ्यायचा, बंद ठेवायचा ना काही दिवस. स्मेल्टरचे पॉट (ज्यात विजेने धातू काढतात ती भांडी) साडेनऊशे अंशाच्या वर चालतात, वीज काही तास गेली तरी आतला माल गोठतो आणि पॉट परत चालू करायला अमाप खर्च आणि महिने जातात. म्हणून स्मेल्टर ओरडत ओरडत का होईना, घेतोच. आणि ॲल्युमिना वर्षभराचा साठवूनही ठेवता येत नाही, ओल धरतो, सायलो लागतात. त्यामुळे मागणी जवळपास हलत नाही आणि पुरवठ्यात दोन-तीन टक्क्यांचा खड्डा पडला तरी भाव दुप्पट होतो. मात्र नव्या रिफायनऱ्या, मुख्यतः चीन आणि इंडोनेशियातल्या, सुरू झाल्या तसा २०२५ मध्ये काही महिन्यांतच भाव निम्म्याच्याही खाली आला. डिसेंबरात "आता हजार डॉलर" म्हणणारे एप्रिलमध्ये कुठे दिसले नाहीत.

आणि हा भाव म्हणजे तरी काय? बहुतेक ॲल्युमिना कंपन्यांच्या आपल्याच स्मेल्टरला नाहीतर लांब मुदतीच्या करारात जातो. उघड्या बाजारात तीसेक हजार टनांचं एखादं जहाज विकलं जातं आणि त्यावरून सगळ्या जगाचा इंडेक्स हलतो. एका जहाजाच्या सौद्यावरून जागतिक टंचाईवर लेख लिहिणाऱ्यांना घाई नडते, दुसरं काही नाही.

साठा म्हणजे पुरवठा

बाजारात तुरी. गिनीकडे ७४० कोटी टनांचा साठा, व्हिएतनामकडेही प्रचंड, पण व्हिएतनामचं उत्पादन बघा, किती ते. आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहितीये, ओडिशात लांजीगडला रिफायनरी आधी उभी राहिली आणि नियमगिरीचं बॉक्साइट गृहीत धरलं, मग २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. रिफायनरी आपली बाहेरून माल आणत बसली. साठ्याच्या आकड्याला वार्षिक वापराने भागून "एवढी वर्षं पुरेल" म्हणणाऱ्यांशी मी वादच घालत नाही.

बंदी आली की सरळ वजाबाकी

इंडोनेशियाने जानेवारी २०१४ ला कच्चं बॉक्साइट बाहेर पाठवणं बंद केलं तेव्हा चीनचा सगळ्यात मोठा पुरवठादार तोच होता, आणि सगळ्यांनी शीटमधून तेवढे टन उडवले. झालं काय, चीनने आधीच ढीग करून ठेवले होते, मलेशियाच्या पहांगमध्ये लोकांनी अक्षरशः घराशेजारची जमीन उकरली आणि २०१५ पर्यंत तिथलं उत्पादन जवळपास शून्यावरून कोट्यवधी टनांवर गेलं. मग नद्या-रस्ते लाल झाल्यावर जानेवारी २०१६ ला तिथेही खाणकाम थांबवलं, तोवर गिनीच्या बोकेमधून नदीतल्या बार्जने माल निघायला लागला होता. जून २०२३ ला इंडोनेशियाने परत बंदी घातली तर बाजार फार हललाही नाही. गिनीत सप्टेंबर २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, धातूचा भाव दहा वर्षांच्या उच्चांकावर उडाला, आणि खाणी चालूच राहिल्या. मी बंदीची बातमी आली की आधी बंदरांवरचे साठे बघतो, मग रिकाम्या खाणी कुठे आहेत ते, आणि वजाबाकी सगळ्यात शेवटी.

हो, पण आता चीनची आयात बहुतांश गिनीतून येते, त्यामुळे पुढच्या वेळी मलेशिया सापडेलच असं नाही. हेही लक्षात असू द्या.

बाकीच्या, पटापट

गिनीचं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनला पोचायला दीड महिना घेतं, तेव्हा एकाच महिन्याची निर्यात आणि आयात शेजारी ठेवून "माल गेला कुठे" विचारू नका. त्यातून पावसाळ्यात तिथलं लोडिंग मंदावतं, तो परिणाम चीनच्या कस्टम्सच्या आकड्यात शरद ऋतूत दिसतो, आणि दरवर्षी कोणीतरी तो तुटवडा म्हणून जाहीर करतं. दरवर्षी!

चीनच्या स्मेल्टरवर साडेचार कोटी टनांची कमाल मर्यादा आहे, २०१७ पासून. तिथल्या ॲल्युमिन्याची मागणी त्यामुळे पावणेनऊ कोटी टनांच्या आसपास येऊन भिंतीला टेकते. रिफायनऱ्यांवर मात्र अशी मर्यादा नाही आणि त्यांची क्षमता १० कोटींच्या वर गेलीय. चीनची ॲल्युमिना मागणी वर्षाला अमुक टक्के वाढत राहील अशी सरळ रेघ ओढण्याआधी हे दोन आकडे शेजारी लिहा.

भंगारातून आलेल्या ॲल्युमिनियमला ॲल्युमिना लागत नाही. एकूण धातूच्या वापराला १.९३ ने गुणलेलं मी गेल्या वर्षीसुद्धा छापील अहवालात बघितलंय. गुणायचं ते फक्त प्रायमरी (खनिजातून काढलेल्या) धातूला, जो वर्षाला ७ कोटी टनांच्या थोडा वर आहे.

कॉस्टिकचा भाव बॉक्साइटवाले ठरवत नाहीत. कॉस्टिक क्लोरिनबरोबर निघतो, क्लोरिन पीव्हीसीत जातो, म्हणजे बांधकाम मंदावलं की क्लोरिन कमी, कॉस्टिक कमी, आणि रिफायनरीचा खर्च वर. खर्चाच्या शीटमध्ये कॉस्टिक पाच वर्षं एकाच भावाने धरलेला दिसला की मी पुढचं वाचत नाही.

आणि सगळं बॉक्साइट धातूकडे जात नाही. भट्टीच्या विटा, सिमेंट, घासायचं सामान यातही जातं, त्याचा दर्जा वेगळा, भाव वेगळा. तो ग्रेड मेटलर्जिकलच्या (धातूसाठीच्या मालाच्या) कॉलमात टाकायचा नाही, वेगळी ओळ करा, अगदीच कंटाळा असेल तर वगळा, पण मिसळू नका.