ड्रिलच्या बॅटरीवर लॅपटॉप चार्ज कसा करायचा: आधी कटऑफ, मग बाकी सगळं

मी जत, सांगोला, माण या भागात सोलर पंप बसवायच्या कामाला फिरतो. शेतात लाईट नसते, एकामागे एक जोडलेल्या पॅनलचं (स्ट्रिंगचं) व्होल्टेज काही शे व्होल्ट असतं त्यामुळे ते लॅपटॉपच्या कामाचं नाही, आणि दुपारी तीन वाजता कंट्रोलरचं सेटिंग करायला लॅपटॉप उघडावा तर अकरा टक्के. त्याच वेळी टूलच्या पेटीत ड्रिलच्या दोन-तीन फुल बॅटऱ्या नुसत्या पडलेल्या असतात. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास, साध्या लॅपटॉपच्या बॅटरीच्या जवळपास दीडपट. मग ती का नाही वापरायची? हा जुगाड मी आत्तापर्यंत स्वतःसाठी आणि आमच्या पोरांसाठी मिळून सात-आठ वेळा बनवलाय, आणि त्यावरचे जे व्हिडिओ फिरत असतात ते बघून खरंच चिडचिड होते, कारण त्यात बॅटरी कशी मरते हे कोणी सांगतच नाही.

सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, प्लस-मायनस कळतं, हे धरून चालतो.

आधी लॅपटॉपच्या चार्जरचं लेबल वाचा. १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. ६५ वॉटपर्यंत हा प्रकार मस्त चालतो. गेमिंग लॅपटॉपचा १८० वॉटचा चार्जर असेल तर इथेच थांबा, तुमच्यासाठी हे नाही.

बॅटरी कुठली? मकिटा, बॉशची निळी, डिवॉल्ट, कुठलीही १८ व्होल्टची चालते. "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेली आणि १८ व्होल्ट लिहिलेली एकच असते, आत ५ सेल एकामागे एक. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा म्हणून १८, आणि फुल चार्जला ४.२ म्हणून २१. हे आकडे डोक्यात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे. स्वस्तातल्या ड्रिलच्या बॅटरीवर "४८ व्हीएफ", "८८ व्हीएफ" असलं काहीतरी छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही, मीटर लावा, २१ दाखवलं की तीच ५ सेलची बॅटरी. क्षमता मात्र लिहिलेली मिळेल असं धरू नका.

बॅटरी सरकवून बसवायचा प्लास्टिकचा डॉक मिळतो, दोन वायरी बाहेर आलेल्या असतात. ऑनलाईन मिळतो. बाकी सामान मी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणतो, मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच. डॉक हातात आल्यावर पहिलं काम, बॅटरी लावून मीटरने प्लस-मायनस तपासा. मला एक डॉक असा आला होता की लाल वायर मायनसला. रंगावर विश्वास ठेवून जोडलं असतं तर पुढचं सगळं गेलं असतं.

प्लसच्या वायरीत डॉकला अगदी चिकटून फ्यूज टाका, ७.५ अँपिअरचा, गाडीत असतो तो पात्याचा, ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात होल्डरसकट मिळतो. घरातली एमसीबी लावू नका, ती एसीसाठी असते, डीसीचा आर्क ती नीट तोडेल याची खात्री नाही. ही बॅटरी ड्रिल अडकल्यावर क्षणभरात कितीतरी अँपिअर ओतते, तोच करंट शॉर्ट झालेल्या बारीक वायरीत गेला तर इन्सुलेशन वितळून आग लागते. वायर १.५ स्क्वेअर एमएमची वापरा. बास.

आता कटऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की तिच्यावरचा लोड तोडणं. इथे मी दोन बॅटऱ्या घालवल्यात, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

लोक समजतात की एवढी महागडी बॅटरी आहे म्हणजे डिस्चार्ज झाली की ती स्वतःच बंद होत असेल. बहुतेक टूलच्या बॅटऱ्यांमध्ये तसं नसतं. आतला सर्किट बोर्ड व्होल्टेज आणि तापमान बघतो, पण थांबायचं काम ड्रिल करतं. प्लस-मायनस सोडून जे बारीक टर्मिनल दिसतात ना, त्यावरून बॅटरी टूलला सांगते आणि टूल मोटर बंद करतं. आपल्या डॉकमध्ये फक्त दोन वायरी. म्हणजे बॅटरी ओरडत असते आणि ऐकायला पलीकडे कोणीच नसतं. त्यात बॅटरीचं व्होल्टेज लॅपटॉपला लागेल तेवढं करून देणारा जो कन्व्हर्टर आपण लावणार, त्याचा स्वभाव असा की त्याला ठरलेले वॉट द्यायचेच असतात, बॅटरीचं व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो. २१ व्होल्टला साडेतीन अँपिअर ओढणारा १६ व्होल्टला साडेचारच्या आसपास जातो. बल्बसारखं मंद होत जाऊन थांबणं त्याला माहीतच नाही, बॅटरी जितकी थकते तितकी तो जास्त पिळतो.

माझी पहिली बॅटरी अशीच गेली. सांगोल्याच्या साईटवर रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपलो, सकाळी मीटर लावला तर ९ व्होल्ट. म्हणजे सरासरी सेलला १.८, आणि त्यातला सगळ्यात कमजोर सेल बहुतेक शून्याच्याही खाली. चार्जरवर बसवली तर लाईट नुसती लुकलुकत राहिली, घेतलीच नाही. काही जण सांगतात की दुसऱ्या बॅटरीने "जंप" देऊन व्होल्टेज वर आणा मग चार्जर घेतो. कृपा करून हे करू नका. एवढ्या खाली गेलेल्या लिथियम सेलमध्ये तांबं विरघळून नको तिथे साचलेलं असू शकतं, तो सेल नंतर चार्ज होताना आतून शॉर्ट होऊ शकतो, आणि ते घरात, रात्री, चार्जरवर होणार. गेलेली बॅटरी गेली. ई-कचऱ्यात द्या.

दुसरा सल्ला मिळतो तो "५एसचा बीएमएस लाव", म्हणजे पाचही सेलवर वेगवेगळी नजर ठेवणारा बोर्ड. ज्याने हा सल्ला दिला त्याने कधी लावलेला नसतो. बीएमएसला प्रत्येक सेलची वायर लागते, आणि त्यासाठी बॅटरी उघडावी लागते. चांगली बॅटरी उघडायची नाही, हा माझ्याकडे नियम आहे. शिवाय बरेच बीएमएस सेल २.५-२.८ व्होल्टला आल्यावर तोडतात, मला एवढं खाली जायचंच नाही.

आपल्याला हवा तो लो व्होल्टेज कटऑफ मॉड्यूल, छोटा डिस्प्ले, दोन बटणं आणि एक रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, असलेला. स्वस्त असतो. १२ ते ३६ व्होल्टचा घ्या. यात दोन आकडे सेट करायचे, तोडायचा आणि परत जोडायचा. तोडायचा १६.० ठेवा, म्हणजे सेलला ३.२. टूल स्वतः याच्यापेक्षा खाली जातं हे खरं, पण टूलला आतली माहिती असते आणि आपल्याला फक्त पाच सेलची बेरीज दिसते. चार सेल ३.३ ला आणि एक २.८ ला असला तरी बेरीज १६ च येते. म्हणून पुरेशी जागा सोडायची. खाली राहिलेल्या थोड्याशा चार्जसाठी बॅटरी पणाला लावण्यात काही अर्थ नाही.

परत जोडायचा आकडा १८.० ठेवा, आणि हा चुकवू नका. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी तो १६.५ ठेवला होता. झालं काय, १६ ला रिले तुटला, लोड गेला की बॅटरी जरा दम खाते आणि व्होल्टेज आपोआप वर येतं, १६.५ च्या वर गेलं की रिले परत जोडला, लोड आला, परत १६, परत तुटला. टिक-टिक-टिक. लॅपटॉपची चार्जिंगची खूण येतेय-जातेय. मी शेडच्या बाहेर पॅनलवर होतो, तासाभराने आत आलो तर हाच आवाज चालू होता, रिलेचे पॉईंट काळे पडले होते आणि बॅटरी थोडी थोडी करून पार खाली ओढली गेली होती. १८ ठेवलं की दम खाल्लेली बॅटरी तिथपर्यंत पोचत नाही, आणि अर्धी भरलेली दुसरी बॅटरी लावली तर ती मात्र चालू होते.

पुढची गोष्ट, मॉड्यूल डॉकच्या जवळ बसवा. बारीक आणि लांब वायर असली तर लोडवर त्यातच अर्धा व्होल्ट पडतो, मॉड्यूलला वाटतं बॅटरी संपली आणि तो लवकर तोडतो. आणि डिस्प्लेवरच्या आकड्यावर आंधळा भरवसा नको, माझा एक मॉड्यूल ०.४ व्होल्ट जास्त दाखवायचा, म्हणजे तो १६ म्हणाला तेव्हा खरे १५.६ होते. डॉकच्या टर्मिनलवर मीटर लावून जुळवा, आणि फरक असेल तेवढा सेटिंगमध्ये धरा.

आणि सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते हे. रिले तुटला तरी मॉड्यूल स्वतः बॅटरीवरच जगत असतो. २० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. १६ व्होल्टला आलेल्या बॅटरीत तेवढंच काहीतरी शिल्लक असतं. म्हणजे शनिवारी कटऑफ झालेली बॅटरी डॉकवर तशीच राहिली तर सोमवारी ती मेलेली सापडू शकते, कटऑफ असूनही. काम झालं की बॅटरी डॉकवरून काढायची. मी डॉकवर जाड मार्करने तेच लिहून ठेवलंय, कारण वापरणारा प्रत्येक वेळी मीच नसतो.

लॅपटॉप जोडायच्या आधी कटऑफ एकदा खरोखर तपासा. ट्रकचा २४ व्होल्टचा हेडलाईट बल्ब आणा, ७५/७० वॉटचा, फरशीवर ठेवा कारण तो भयंकर तापतो, आणि अर्धी संपलेली बॅटरी लावून बसा. बल्ब २४ चा असल्याने जरा पिवळट जळतो, दोन-अडीच अँपिअर ओढतो. मीटरवर १६.३, १६.२, १६.१ असं उतरताना बघा, खट करून बल्ब गेला आणि परत पेटला नाही म्हणजे काम झालं. दहा मिनिटं थांबून बघा, व्होल्टेज वर सरकलेलं दिसेल पण बल्ब बंदच राहायला हवा.

आता कन्व्हर्टर. बॅटरी २१ पासून १६ पर्यंत घसरते आणि लॅपटॉपला लागतात सरळ २०. म्हणजे सुरुवातीला व्होल्टेज थोडं कमी करायचं आणि नंतर वाढवायचं, दोन्ही येणारा कन्व्हर्टर हवा, बक-बूस्ट. नुसता बूस्ट लावला तर फुल बॅटरीचे २१ जवळपास तसेच पुढे जातात. नुसता बक लावला तर बॅटरी जरा उतरली की २० मिळतच नाहीत. बाजारात "१०० वॉट पीडी" (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीवरून जास्त वॉट द्यायची पद्धत) म्हणून विकले जाणारे छोटे मॉड्यूल बरेचदा नुसते बक असतात, २४ व्होल्टवर ते १०० वॉट देतीलही, पण आपल्या बॅटरीवर टेस्टर लावला की आधी २० दाखवतात आणि लोड आला की १७ वर येतात. "१८ आणि १९ मध्ये काय एवढा फरक, डायरेक्ट जोड" म्हणणारेही आहेत, त्यांचं तर ऐकूच नका.

माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉपला यूएसबी-सी चार्जिंग असेल तर गाडीतला १२/२४ व्होल्टचा, ६५ वॉट किंवा जास्त पीडीचा चांगल्या कंपनीचा कार चार्जर घ्या आणि सिगारेट सॉकेट कटऑफच्या पुढे जोडा. फक्त एक परीक्षा घ्या, तो गाडीच्या १२ व्होल्टवर लोड असताना २० देतो का? देत असेल तर तो बूस्ट करतो आणि ट्रकसाठीही बनलाय म्हणजे आपले २१ त्याला जड नाहीत. देत नसेल तर परत करा. केबल ५ अँपिअरची, ई-मार्करवाली (आत ओळख सांगणारी चिप असलेली) घ्या, साध्या केबलवर ३ अँपिअरच्या वर जात नाही म्हणजे ६० वॉटलाच अडकता.

जुना गोल पिनचा लॅपटॉप असेल तर त्याच चार्जरला २० व्होल्टची पीडी ट्रिगर केबल (चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेणारी) लावा, त्या त्या कंपनीच्या पिनची मिळते. १९.५ च्या लॅपटॉपला २० चालतात. डेल आणि एचपीच्या मधल्या पिनमधून लॅपटॉप चार्जर ओळखतो, ती ओळख नसलेली केबल असेल तर लॅपटॉप चालेल पण चार्ज होणार नाही, हे घेतानाच विचारा. एलटीसी३७८० चिपचा बक-बूस्ट बोर्डही चालतो, मी वापरलाय, पण त्यातले स्क्रू फिरवायचे पोटेन्शिओमीटर बॅगेत हादरे खाऊन सरकू शकतात आणि माझ्या लॅपटॉपला किती व्होल्ट जातील हे मला एका स्क्रूवर सोडायचं नाही.

डबा कुठलाही घ्या, दोन्ही बाजूंना भोकं पाडा, ६५ वॉटला पाच-सात वॉट उष्णता निघतेच. कार चार्जर डब्याच्या बाहेर ठेवला तर उत्तम.

पहिल्यांदा लॅपटॉप लावाल तेव्हा तो वीस टक्क्यांवर असू दे आणि अर्धा तास तिथून उठू नका. डॉकचे टर्मिनल, फ्यूज होल्डर, सॉकेट हाताने चाचपा. कोमट चालतं, बोट ठेववत नसेल तर तिथला जोड कच्चा आहे, परत सोल्डर करा. बॅटरी स्वतः गार राहते, ड्रिलमध्ये ती याच्या कितीतरी पट सोसते. संपलेली बॅटरी तिच्याच कंपनीच्या चार्जरवर चार्ज करायची, या डॉकमधून उलटं चार्ज करायचा विचारही नको.

माझ्या ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून कटऑफपर्यंत लॅपटॉपला साधारण ७५ वॉट-तास पोचतात. ५० वॉट-तासाचा लॅपटॉप वापरत वापरत वीसवरून शंभरला जातो आणि संध्याकाळी परत निघताना ड्रिलला चार-सहा भोकं पाडण्याएवढी बॅटरी कधीकधी उरलेलीही असते.