लायसन्समध्ये सी की एस? असा सोडवला घोळ

डीटीपीच्या कामात अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं रोज हाताखालून जातात. 'सेंटर'च्या शेवटी आर-ई लिहिलं की मायक्रोसॉफ्ट वर्ड त्याखाली लाल रेघ ओढायचं आणि ई-आर सुचवायचं. भाषा अमेरिकन इंग्लिशवर होती. सगळा मजकूर कंट्रोल-ए दाबून निवडला, रिव्ह्यू टॅबमधून लँग्वेज, मग सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे 'इंग्लिश (इंडिया)' घेऊन डिफॉल्ट केलं. आधी मजकूर निवडणं महत्त्वाचं, कारण दुसरीकडून पेस्ट केलेल्या भागाला त्याची जुनी भाषा चिकटलेली राहते.

लायसन्सचा गुंता मात्र सेटिंगने सुटत नाही, तो समजूनच घ्यावा लागतो. ब्रिटिश पद्धतीत शेवटच्या ई-आधी नामाला सी, क्रियापदाला एस. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून मी 'अॅडव्हाइस'चा आधार घेते. तिथे फरक ऐकू येतो: सल्ला म्हणजे अॅडव्हाइस, सी, सल्ला देणे म्हणजे अॅडव्हाइझ, एस. तोच नियम लायसन्सला आणि प्रॅक्टिसला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही ड्रायव्हिंग लायसन्सला सी आहे, आणि लायसन्सिंग ऑथॉरिटीला एस! हे इतकं चोख आहे की मला फार आवडतं.

स्टेशनरीला कुठलीच लाल रेघ मदत करत नाही. शेवटी ई-आर-वायऐवजी ए-आर-वाय घातलं तर 'स्थिर' असा वेगळा, पण बरोबर शब्द होतो. वह्या-पेनं विकणारा तो स्टेशनर, त्याच्या शेवटी ई-आर, म्हणून त्याच्या मालालाही ई-आर. बिलं छापायला देण्याआधी कंट्रोल-एफने ए-वालं स्पेलिंग शोधून पाहते.