बायोडिझेल आणि डिझेल पंपाची झीज : या चुका टाळा

इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलला, त्यातलं एलिमेंट (प्लंजर म्हणजे दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ती बॅरल म्हणजे नळी) तपकिरी आणि चिकट निघालं, की ट्रॅक्टरमालक लगेच म्हणतो, "बायोडिझेलनं खाल्लं." हे अर्धंच खरं आहे. बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलापासून केलेलं इंधन. ताजं, पाण्यानं नीट धुतलेलं बायोडिझेल पंपाला वंगण देतं. बीएस-६ (भारताचे प्रदूषणाचे नियम) डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आलं. ते काढताना डिझेलचा मूळचा ओशटपणाही जातो, आणि एक-दोन टक्के बायोडिझेल मिसळलं तरी तो भरून निघतो. रोटरी (फिरत्या रोटरच्या) पंपाचं तर सगळं वंगण इंधनातूनच येतं. पंप मरतो तो बिघडलेल्या बायोडिझेलमुळे.

सगळ्यात महागात पडते ती साठवण. हंगाम संपला की अर्ध्या टाकीनिशी ट्रॅक्टर शेडमध्ये लावायचा आणि थेट चार महिन्यांनी चावी फिरवायची, ही सवय मोडा. सोयाबीन, सूर्यफूल तेलांच्या रेणूंत दुहेरी बंध (रासायनिक जोड) जास्त, तिथंच हवेतला ऑक्सिजन चिकटतो. आधी पेरॉक्साइड (ऑक्सिजन धरलेली संयुगं), मग आम्लं आणि डिंकासारखा चिकटा तयार होतो. तांब्याची नळी, पितळी कॉक या बिघाडाला आणखी वेग देतात. त्यात बायोडिझेल डिझेलच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतंच. प्लंजर-बॅरलमधली फट जेमतेम दोन-चार मायक्रॉनची. तिथं आम्ल आणि पाणी पोचलं की गंज धरतो, खड्डे पडतात. म्हणून ट्रॅक्टर उभा करण्याआधी साधं डिझेल भरून इंजिन थोडा वेळ चालवा.

घरगुती बायोडिझेल न धुता वापरू नका. त्यात साबण, कॉस्टिक (बनवताना वापरलेला तीव्र क्षार), ग्लिसरीन राहतं. बाटलीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल घेऊन जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन्ही स्वच्छ वेगळी झाली तर ठीक. मध्ये दुधाळ थर राहिला तर ते पंपात घालू नका.

जुन्या टाकीतला गाळ बायोडिझेल सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. नायट्राइल रबरी सील फुगतात, व्हायटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) टाका.

पंपाची झीज तपासायला एलिमेंट स्वच्छ डिझेलमध्ये बुडवा, बॅरल तिरका धरा, प्लंजर थोडा वर ओढून सोडा. स्वतःच्या वजनानं हळू, एकसारखा खाली आला पाहिजे. अडखळला तर चिकटा आहे, आणि तो बऱ्याचदा धुऊन निघतो. झपकन घसरला किंवा नखाला ओरखडा लागला, तर प्लंजर-बॅरल जोडीनंच बदला.