रोम: टोटल वॉर – पहिली दहा वर्षं कशी काढायची

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून भाचा साताऱ्याला आला आणि २००४ सालचा 'रोम: टोटल वॉर' हा कॉम्प्युटर गेम घेऊन बसला. पाचव्या टर्नला (खेळीला) हाक आली, "मामा, पैसेच संपले!" बघतो तर सगळे डिनारी, म्हणजे खेळातली नाणी, हस्ताती (भाले फेकणाऱ्या रोमन पायदळाच्या) पलटणींवर खर्च. पलटण उभी करायला पैसे एकदाच लागतात, पोसायला मात्र दर टर्नला. नवा खेळाडू अडकतो तो इथंच.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. खेळायला ज्युलिआय हे रोमन घराणं घ्या. इ.स.पू. २७० पासून खेळ सुरू होतो, एक टर्न म्हणजे सहा महिने. सगळी शहरं स्वतः सांभाळण्याचा पर्याय सुरुवातीलाच टिक करा, नाहीतर सुभेदार नसलेल्या शहराचा कारभार कॉम्प्युटर परस्पर हाकतो.

पहिल्या टर्नला फौज नको, रस्ते आणि बाजार बांधायला घ्या. रस्त्यानं व्यापार वाढतो, सैन्यही लवकर पोचतं. वकिलाला शेजाऱ्यांकडे धाडून व्यापाराचे करार करा, जमल्यास आपला नकाशाही विका. आणि हे विसरू नका: प्रत्येक शिपाई शहराच्या लोकसंख्येतून वजा होतो. दोन हजार वस्ती झाल्याशिवाय गावाचं मोठं गाव होत नाही, म्हणून लहान गावातून भरती करूच नका.

आता लढाई. शहरात बंदोबस्तापुरती पलटण ठेवून बाकीचे सगळे एका सेनापतीखाली आणा आणि बंडखोरांच्या ताब्यातल्या सेगेस्टा शहरावर चाला. तट लाकडी आहे, दरवाजा फोडायचा ओंडका तयार झाला की लगेच हल्ला करा. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. तो घ्यायला औरंगजेबाला डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० उजाडला. वेढा लांबला की खजिना आटतो, हे भाच्याला मी तिकडं बोट दाखवूनच सांगितलं.

मैदानात हस्तातींना रांगेत थांबवा. शत्रू टप्प्यात आला की ते आपणहून भाले फेकतात. भाचा त्यांना आधीच पळवायचा आणि भाले हातातच राहायचे. समोरची फळी गुंतली की सेनापतीचे घोडेस्वार वळसा घालून पाठीवर सोडा. भालाईतांवर समोरून मात्र कधीच नको, सेनापती जातो.

सेगेस्टा घेतल्यावर कत्तल करू नका, नुसता ताबा घ्या. तिथंही आधी रस्ते, आणि खजिना पुन्हा भरला की मग गॉल लोकांच्या मेडिओलानम शहराकडे.