हरिहरचा कातळजिना: चढण्याआधी आणि उतरताना

नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला उभा असलेला हरिहर ऊर्फ हर्षगड म्हणजे सगळीकडून तासल्यासारखा दिसणारा त्रिकोणी कातळ. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,६७६ फूट. माथ्यावर नेणाऱ्या पायऱ्या याच कातळाच्या अंगात खोदल्या आहेत. १८१८ साली गड इंग्रजांकडे गेला. त्यांनी अनेक गडांच्या वाटा-पायऱ्या तोडल्या, तरी हा जिना शाबूत राहिला, हे आपलं भाग्य. इथे जाताना चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी जास्त हवी.

पायथ्याची गावं दोन. निरगुडपाड्याहून जिन्यापर्यंत दोन-अडीच तास लागतात. वाट आधी झाडीतून आणि मग डोंगराच्या लांब उतरत्या धारेवरून, म्हणजे सोंडेवरून जाते. हर्षेवाडीची वाट निम्म्या वेळाची आणि सोपी, लहान मुलं किंवा नवखे सोबत असतील तर हीच घ्या. दोन्ही वाटा शेवटी एकाच जिन्याशी येतात. चढायला आणि उतरायला तेवढाच एक जिना, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथे कोंडी होते. उजाडताच चालायला लागलात तर गर्दी वर येईपर्यंत तुमचं उतरणं सुरू झालेलं असेल. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडा.

जिन्याखाली पाच मिनिटं थांबा. काठ्या दुमडून सॅकमध्ये टाका, मोबाईल चेन असलेल्या खिशात ठेवा, गळ्यातला कॅमेरा काढा. सॅकचे पट्टे घट्ट ओढा. सैल सॅक मागे ओढते आणि तोल जातो. बाजूला लटकवलेली बाटली पडली तर खालच्याच्या डोक्यात जाते. माकडं असतात, म्हणून हातात खाऊ किंवा प्लास्टिकची पिशवी नको.

पायऱ्यांच्या दोन्ही कडांना बोटं रुतवायला खोबणी कोरल्या आहेत. त्यांतच हात घालायचा, पुढच्या माणसाच्या सॅकला धरायचं नाही. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवा. पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत, काहींत माती आणि पाणी साचतं. पाऊल टाकण्याआधी बुटाने चाचपून घ्या. पुढच्यापासून चार-पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. दम लागला तर कातळाला अंग टेकून थांबा, पण फोटोसाठी मध्येच वळू नका.

पहिला टप्पा महादरवाजाशी संपतो. पुढे कातळ पोखरून काढलेल्या आडव्या वाटेने वाकून जायचं. इथे डोकं आपटतं आणि दचकून माणूस दरीच्या बाजूला सरकतो, म्हणून हात कायम आतल्या भिंतीवर. त्यानंतर पायऱ्यांचा दुसरा टप्पा, हाही तितकाच उभा. माथ्यावर तळं, मारुती आणि महादेव, खिडकीएवढ्या तोंडाची दगडी कोठी आहे. सर्वोच्च टोकासाठी आणखी थोडा कातळ चढावा लागतो; वारा जोरात असेल तर तो सोडून द्या. समोरचा बसगड आणि ब्रह्मगिरी खालूनही छान दिसतात. प्रत्येकी तीन लिटर पाणी सोबत हवंच, तळ्यातलं पाणी पिण्यासाठी धरू नका.

उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, शिडीवरून उतरतो तसं. दरीकडे तोंड केलं की टाच मागच्या पायरीला अडते, सॅक पाठीत ढकलते आणि पायरीवर जेमतेम अर्धं पाऊल राहतं. जिना इतका उभा आहे की पुढे झुकलेलं अंग सावरायला जागा नसते. निघण्याआधी महादरवाजातून खाली हाक द्या, चढणारे वर येऊन जाऊ देत. मध्यावर कोणी समोर आलंच तर एकाने कडेच्या खोबणी दोन्ही हातांनी धरून स्थिर उभं राहायचं, दुसऱ्याने आतून सरकायचं. नवख्याच्या खाली अनुभवी माणूस ठेवा, त्याने प्रत्येक पावलाला जागा सांगावी.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि खोबणी पाण्याने भरतात. त्या दिवसांत प्रवेशावर निर्बंधही येतात, तेव्हा निघण्याआधी वनविभागाकडे किंवा गावात चौकशी करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

जिना उतरल्यावर तिथेच बसू नका, वरून निसटलेला दगड नेमका तिथे येतो. सोंडेवर थोडं पुढे जाऊन मग पाणी प्या.